एका शीटवर चार पावत्या: नंबर आपोआप कसा घालायचा

विट्याहून एका नव्या डीटीपी चालकाचा प्रश्न आलाय. गणेश मंडळाची २००० वर्गणी पावत्यांची ऑर्डर आहे. ए-फोर शीटवर चार पावत्या बसवल्यात, ५० पावत्यांचं एक पुस्तक करायचंय. काम पेजमेकरमध्ये सुरू केलं, मास्टर पेजवर, म्हणजे जिथलं मॅटर प्रत्येक पानावर आपोआप दिसतं तिथे, पेज नंबर घातला, तर एका शीटवरच्या चारही पावत्यांवर एकच आकडा येतोय. त्यांच्याकडे कोरलड्रॉ आहे, इनडिझाइनही मिळू शकतं. पानं कॉपी करत हातानं आकडे टाकण्यावाचून काही मार्ग आहे का, आणि असेल तर कशात, असं त्यांनी विचारलंय.

मार्ग तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण मी उत्तर कटिंग मशीनपासून सुरू करतो, कारण नंबर कुठल्या क्रमाने घालायचे हे तिथे ठरतं. सांगलीत श्रावण लागला की प्रत्येक प्रेसमध्ये पावती पुस्तकांची रांग लागते, आणि नंबरिंगच्या कामात जो वेळ जातो तो बहुतेक वेळा छपाईत जात नाही, छापून झाल्यावर पावत्या क्रमाने लावण्यात जातो. हा वेळ संगणकावर बसल्या बसल्या पूर्ण वाचवता येतो.

समजा तुम्ही पहिल्या शीटवर १, २, ३, ४ घातले, दुसऱ्या शीटवर ५, ६, ७, ८. स्क्रीनवर हे बरोबर दिसतं. ५०० शीट छापून झाल्या, गठ्ठा कटिंगला गेला, उभा आणि आडवा काप पडला की चार गठ्ठे हातात येतात. पहिल्या गठ्ठ्यात १, ५, ९, १३ असे आकडे असतात, दुसऱ्यात २, ६, १०, १४. आता सलग पुस्तक करायचं तर चारही गठ्ठ्यांवरून एकेक पावती उचलून लावावी लागेल, तीही २००० वेळा. बायंडर हे काम घेणार नाही, आणि घेतलं तरी कुठेतरी दोन पावत्या मागेपुढे होणारच.

त्याऐवजी आधी भागाकार करा. २००० पावत्या, शीटवर ४, म्हणजे ५०० शीट. पहिल्या शीटवर १, ५०१, १००१ आणि १५०१ घाला. दुसऱ्या शीटवर २, ५०२, १००२, १५०२. असं करत शेवटच्या शीटवर ५००, १०००, १५००, २००० येतात. गठ्ठा कापला की पहिला गठ्ठा १ ते ५००, दुसरा ५०१ ते १०००, तिसरा १००१ ते १५०० आणि चौथा १५०१ ते २००० असा तयार मिळतो. एकावर एक ठेवले की संपलं. हात लावून क्रम लावायचा प्रश्नच येत नाही. डिजिटल प्रेसवाले याला कट अँड स्टॅक म्हणतात.

इथेच दुसरा हिशेब करून घ्या. प्रत्येक गठ्ठ्यात ५०० पावत्या आणि पुस्तक ५०चं, म्हणजे गठ्ठ्यातून नेमकी १० पुस्तकं निघतात, एकूण ४०. छान बसतं. पण ऑर्डर १५००ची असती तर ३७५ शीट झाल्या असत्या, आणि ३७५ला ५०ने भाग जात नाही. सात पुस्तकं झाल्यावर २५ पावत्या उरतात आणि त्यांना पुढच्या गठ्ठ्यातल्या पहिल्या २५ जोडाव्या लागतात. क्रम चुकत नाही, पण पिनिंगच्या टेबलावर रात्री काम चालू असताना हीच अर्धी पुस्तकं गोंधळ घालतात. अशा वेळी मी पार्टीला सरळ विचारतो, १६०० घेता का? ४०० शीट, गठ्ठ्याला ८ पुस्तकं. किंवा मांडणी बदलून शीटवर तीन पावत्या बसवतो, मग १५००लाही ५०० शीट होतात. शीटची संख्या पुस्तकातल्या पावत्यांच्या पटीत आणायची, हे डिझाइन करण्याआधी कागदावर पेन्सिलीने करायचं काम आहे.

आता पेजमेकर. तुम्हाला चारही ठिकाणी एकच आकडा आला, यात पेजमेकरचा दोष नाही. मास्टर पेजवर कंट्रोल, ऑल्ट आणि पी दाबून जी खूण येते, ती पानाचा क्रमांक दाखवते, पावतीचा नाही. सिंगल साइडेड डॉक्युमेंट असेल तर मास्टरवर तिथे आरएम असं दिसतं आणि प्रत्यक्ष पानावर आकडा. ही खूण चार वेळा घातली तर पान ७वर चारही ठिकाणी ७च येणार. तिला ५०० मिळवायला सांगता येत नाही.

पण पेजमेकरमध्येच राहायचं असेल तर एक सोपा उपाय आहे. चार पावत्यांना चार मालिका द्या. पहिल्या पावतीत अ- आणि पुढे पेज नंबरची खूण, दुसरीत ब-, तिसरीत क-, चौथीत ड-. पान ७वर अ-७, ब-७, क-७, ड-७ छापलं जाईल. चारही क्रमांक वेगळे, कापल्यावर अ मालिकेचा सलग गठ्ठा, ब मालिकेचा सलग गठ्ठा. मंडळाच्या चार गल्ल्यांसाठी चार कार्यकर्ते वर्गणीला फिरणार असतील तर मालिका त्यांना उलट सोयीचीच पडते, कोणाकडे कोणती पुस्तकं दिली हे अक्षरावरून कळतं. पार्टीला हा पर्याय आधी विचारा, बरेच जण आनंदाने हो म्हणतात.

पेजमेकरमध्ये हे करताना पावतीचं सगळं मॅटर, चौकटी, गणपतीचं चित्र, सगळं मास्टर पेजवरच ठेवा. पान कॉपी करून ५०० वेळा पेस्ट करू नका. मास्टरवर एकदा ठेवलं आणि मग ४९९ रिकामी पानं घातली की प्रत्येक पानावर मॅटर आपोआप दिसतं, फाइल लहान राहते, आणि शेवटच्या क्षणी खजिनदाराचं नाव बदललं तर एकाच जागी बदलायचं. सुरुवातीचा आकडा १ ऐवजी दुसरा हवा असेल तर डॉक्युमेंट सेटअपमध्ये स्टार्ट पेज नंबर आहे. पेजमेकरच्या एका फाइलमध्ये ९९९ पानांपर्यंतच जाता येतं, हे मोठ्या ऑर्डरला लक्षात असू द्या. आणि ००१, ००२ अशी पुढची शून्यं तो स्वतःहून देत नाही.

मालिका नको, १ ते २००० सलगच पाहिजे, तर कोरलड्रॉ उघडा. तुमच्या कामासाठी माझी पहिली पसंती तीच आहे, कारण वेगळी एक्सेल फाइल लागत नाही. शीटवर चारही पावत्या मांडून घ्या. फाइल मेनूत प्रिंट मर्ज आहे, म्हणजे एकाच मांडणीत प्रत्येक पानावर वेगळा आकडा भरून देणारी सोय. त्यात मर्ज फील्ड, म्हणजे त्या बदलत्या आकड्याची जागा, तयार करायला जा. तिथे मजकुराचं फील्ड आणि अंकाचं फील्ड असे दोन प्रकार मिळतात. अंकाचं घ्या, आणि एक नाही, चार घ्या. पहिल्याची सुरुवात १, दुसऱ्याची ५०१, तिसऱ्याची १००१, चौथ्याची १५०१, आणि शेवटचा आकडा अनुक्रमे ५००, १०००, १५००, २०००. नावं क्र१, क्र२ अशी काहीही चालतील, मात्र कोणतं फील्ड कोणत्या पावतीत जातंय ते गोंधळू देऊ नका. किती अंकी आकडा हवा तेही तिथेच निवडता येतं, म्हणजे १च्या जागी ०००१. मग प्रत्येक फील्ड आपापल्या पावतीत नेऊन ठेवायचं आणि मर्ज करायचं.

मर्ज थेट प्रिंटरला पाठवू नका. आधी नव्या डॉक्युमेंटमध्ये मर्ज करा, म्हणजे ५०० पानं डोळ्यांसमोर येतात. पान १, पान २, पान २५० आणि पान ५०० उघडून बघा. मध्यावरचं पान मी मुद्दाम बघतो: तिथे २५०, ७५०, १२५०, १७५० असले पाहिजेत. गणपतीचा मोठा रंगीत फोटो असेल तर ५०० पानांची फाइल जड होऊन संगणक अडकतो. तेव्हा फोटो आधी छपाईच्या मापाचा करून घ्या, आणि तरीही जड वाटलं तर १०० शीटचे पाच भाग करा. दुसऱ्या भागात सुरुवात १०१, ६०१, ११०१, १६०१ अशी होईल.

फील्ड ठेवताना एक बारीक गोष्ट. स्क्रीनवर फील्डचं नाव दिसतं आणि ते नाव आकड्यापेक्षा लांब असतं. मजकूर मध्याला जुळवलेला असेल तर छापताना आकडा तुम्ही बघितलेल्या जागेवरून सरकल्यासारखा दिसतो. डावीकडे जुळवा, म्हणजे ‘पावती क्र.’ या शब्दांनंतर लगेच आकडा सुरू होईल.

पावतीला स्थळप्रत असेल, म्हणजे डावीकडे मंडळाकडे राहणारा भाग आणि मध्ये परफोरेशन, म्हणजे फाडायची छिद्रांची रेघ, तर तोच आकडा दोन्हीकडे लागतो. त्यासाठी नवीन फील्ड करायचं नाही. तेच फील्ड दुसऱ्यांदा घ्यायचं. वेगळं फील्ड केलं आणि त्याची सुरुवात एकाने चुकली, तर देणगीदाराकडे एक क्रमांक आणि मंडळाकडे दुसरा राहील. हिशेब तपासताना खजिनदाराला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

इनडिझाइनमध्ये हेच काम डेटा मर्जने होतं. विंडो मेनूत युटिलिटीजखाली ते सापडतं. त्याला आकड्यांची यादी बाहेरून द्यावी लागते, ती एक्सेलमध्ये करायची. पहिल्या ओळीत चार शीर्षकं, प्रत्येक रकान्याला एक. दुसऱ्या ओळीत १, ५०१, १००१, १५०१. तिसऱ्या ओळीत २, ५०२, १००२, १५०२. आता या दोन्ही ओळी एकदम निवडा आणि कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढा, आकड्यांच्या ५०० ओळी होईपर्यंत. कोणतंही सूत्र लिहावं लागत नाही. फाइल सीएसव्ही म्हणून ठेवा, म्हणजे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेला साधा मजकूर. एक ओळ म्हणजे एक शीट, हे या पद्धतीचं सौंदर्य आहे: यादी वाचली की शीट डोळ्यांसमोर येते.

इनडिझाइन स्वतःहून एका पानावर अनेक रेकॉर्ड, म्हणजे यादीतल्या अनेक ओळी, बसवण्याचीही सोय देतं. एकच पावती मांडा, मल्टिपल रेकॉर्ड्स निवडा, तो चार बसवून देतो. नवशिक्या माणसाला हाच सोपा रस्ता वाटतो, पण त्यात आकडे १, २, ३, ४ असे शीटवर शेजारी शेजारी येतात आणि आपण पुन्हा कापल्यावरच्या गोंधळात सापडतो. म्हणून शीटवर चार वेगळी फील्डं आणि पानाला एक रेकॉर्ड, हीच मांडणी ठेवा.

मर्ज करताना एका डॉक्युमेंटमध्ये किती रेकॉर्ड घ्यायची याची मर्यादा एका चौकटीत लिहिलेली असते. ती बघितली नाही तर ५०० पानांची एक फाइल होण्याऐवजी बऱ्याच लहान फाइली उघडतात आणि माणूस घाबरतो. चौकटीत ५०० लिहा, किंवा थेट पीडीएफ काढा.

एक्सेलमधली पुढची शून्यं हा मात्र खरा त्रास आहे. ०००१ लिहिलं की एक्सेल त्याचं १ करून टाकतं. रकाना निवडून नंबर फॉर्मॅटमध्ये कस्टम घ्या आणि तिथे चार शून्यं लिहा. सीएसव्ही ठेवताना जसं दिसतंय तसंच जातं, म्हणून फाइलमध्ये शून्यं राहतात. पण ती सीएसव्ही पुन्हा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की शून्यं गेली. तपासायची असेल तर नोटपॅडमध्ये उघडा.

इनडिझाइनमध्ये आणखी एक वाट आहे, परिच्छेदाला आपोआप क्रमांक देणारी यादी. मजकुराच्या चौकटी एकमेकींना जोडायच्या, परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये नंबरिंग लावायचं, पुढचा परिच्छेद पुढच्या चौकटीत सुरू करायचा. काम दिसायला सुंदर होतं. पण पावत्या आणि बिलांसाठी मी ती सुचवणार नाही. त्यात आकडे जिवंत असतात. मध्येच कुणाकडून एक परिच्छेद पुसला गेला तर पुढचे सगळे आकडे गुपचूप एकाने मागे सरकतात आणि पान बघून ते कळतही नाही. मर्ज केलेला आकडा एकदा बसला की जागचा हलत नाही.

पैसे भरून सॉफ्टवेअर घेणं परवडत नसेल तर स्क्रायबस फुकट मिळतं. त्याच्या मास्टर पेजवर पानाचा क्रमांक घालता येतो आणि डॉक्युमेंट सेटअपमधल्या सेक्शनमध्ये सुरुवातीचा आकडा आणि पुढची शून्यं दोन्ही ठरवता येतात. म्हणजे मघाची अ-ब-क-ड मालिका पेजमेकरपेक्षा तिथे नीटनेटकी होते. सीएसव्हीवरून मर्ज करायला स्क्रायबस जनरेटर नावाची वेगळी स्क्रिप्ट घ्यावी लागते. वर्डचा मेल मर्जही चार रकान्यांच्या यादीवर चालतो, फक्त मांडणी हलते.

मराठी अंकांबद्दल आता बोलू, कारण गणेश मंडळाला 123 नको असतात, त्यांच्या जागी १२३ अशा देवनागरी आकृती हव्या असतात, आणि तेही बरोबरच आहे. तुम्ही युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचा फॉन्ट वापरत असाल तर अंकांच्या जागी देवनागरी आकृती बसवलेल्या बऱ्याच फॉन्टांत मिळतात. अशा फॉन्टात प्रिंट मर्जचं फील्ड निवडून तो फॉन्ट दिला की काम झालं, मशीनच्या दृष्टीने आकडा इंग्रजीच आहे, दिसतो मराठी. सगळ्या फॉन्टांत असं नसतं, तेव्हा ० ते ९ एका ओळीत टाइप करून फॉन्ट बदलून बघा. युनिकोड फॉन्टात मात्र देवनागरी अंक ही वेगळी चिन्हं आहेत. मोजणी इंग्रजी अंकांत होते आणि फॉन्ट बदलून ती देवनागरी होत नाही. तिथे एक्सेलची यादी हवीच. आकड्यांचा रकाना आधी मजकूर म्हणून वेगळ्या फाइलमध्ये न्या आणि फाइंड-रिप्लेसने दहा अंक दहा वेळा बदला. पाच मिनिटांचं काम आहे. ही फाइल साध्या सीएसव्हीत ठेवली तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात, म्हणून एक्सेलमध्ये सेव्ह करताना युनिकोड टेक्स्ट हा प्रकार घ्या. इनडिझाइन तो वाचतं.

व्यापाऱ्याच्या बिलाला मात्र मी इंग्रजी अंकच ठेवा असं सांगतो. बिलाचा क्रमांक पुढे जीएसटीच्या विवरणात भरला जातो. नियम असा आहे की बिलाचा क्रमांक सलग असावा, १६ चिन्हांपेक्षा मोठा नसावा, त्या आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये, आणि त्यात अक्षरं, अंक, हायफन आणि तिरकी रेघ चालते. एकापेक्षा जास्त मालिका ठेवायलाही परवानगी आहे. त्यामुळे मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानाची बिलं असोत की तासगावच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याची, मघाची मालिकेची युक्ती तिथेही चालते, फक्त अक्षर इंग्रजी घ्या. मालिका सुरू करण्याआधी त्यांच्या कर सल्लागाराला विचारायला सांगा, कारण आधीचं बिल बुक कोणत्या क्रमांकावर थांबलंय ते त्याला माहीत असतं.

मालाच्या बिलाला तीन प्रती लागतात: मूळ ग्राहकासाठी, दुसरी वाहतूकदारासाठी, तिसरी विक्रेत्यासाठी. सेवेच्या बिलाला दोन. इथे नंबरिंगची गरज बदलते. प्रत्येक पान वेगळा क्रमांक न घेता एकच क्रमांक तीन पानांवर यायला हवा, मग पुढचा क्रमांक पुढच्या तीन पानांवर. कोरलच्या अंकाच्या फील्डला तीनदा थांब असं सांगता येत नाही, म्हणून यादी एक्सेलमधून घ्या. दोन रस्ते आहेत.

कार्बनलेस कागदाचे, म्हणजे मध्ये कार्बन न घालताही वरचं खाली उमटतं अशा कागदाचे, जुळवलेले संच मिळतात, पांढरा, पिवळा, गुलाबी असे एकामागोमाग. डिजिटल प्रिंटरवर ते टाकायचे असतील तर यादीत प्रत्येक ओळ तीनदा हवी. एक्सेलमध्ये यादी एकदा तयार करा, तिची नक्कल खाली दोनदा चिकटवा आणि मग पहिल्या रकान्यावर सॉर्ट करा, तिन्ही ओळी शेजारी येतात. सॉर्ट करण्याआधी पाचव्या रकान्यात प्रतीचं नाव लिहून ठेवा, पहिल्या नकलेला मूळ, दुसरीला दुसरी प्रत, तिसरीला तिसरी, आणि सॉर्ट करताना दुसरी पातळी म्हणून तो रकानाही घ्या. नावांच्या आधी १, २, ३ लिहिलंत तर क्रम चुकणार नाही. हा पाचवा रकाना छापायच्या पानावरही ठेवता येतो, म्हणजे प्रतीचं नावही आपोआप छापलं जातं. कागदाचा संच प्रिंटरमधून कोणत्या क्रमाने बाहेर पडतो ते मात्र आधी चार-सहा शीट टाकून बघा. क्रम उलटा पडला तर पांढऱ्यावर तिसरी प्रत छापली जाईल.

दुसरा रस्ता म्हणजे तिन्ही रंग वेगवेगळे छापायचे. तीच यादी तीनदा चालवायची, कागद आणि प्रतीचं नाव बदलायचं. संगणकावरचं काम कमी, पण नंतर जुळणी करावी लागते आणि एका रंगाची एक शीट जरी खराब झाली तर तिथून पुढची सगळी जुळणी एका क्रमांकाने घसरते. ५०० संचांपर्यंत मी जुळवलेला कागदच घेतो.

लेझर प्रिंटरवर कार्बनलेस कागद चालवताना तो लेझरला चालणारा आहे का ते दुकानदाराला विचारून घ्या. प्रिंटरच्या आतला रोलर टोनर वितळवण्यासाठी चांगलाच तापतो आणि साधा कार्बनलेस कागद त्यात वळतो किंवा त्याच्यावरचा लेप मशीनमध्ये बसतो.

ऑर्डर मोठी असेल, समजा साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या गळीत हंगामासाठी हजारोंनी छापायच्या असतील, तर एवढं सगळं डिजिटलवर छापणं परवडत नाही. फॉर्म ऑफसेटवर जातो. ऑफसेटच्या प्लेटवर जे आहे तेच प्रत्येक शीटवर उमटतं, तिथे आकडा बदलू शकत नाही. म्हणून आकडा नंतर घालायचा. आपल्याकडच्या बऱ्याच प्रेसमध्ये यासाठी ट्रेडल, म्हणजे ठसा दाबून छापणारं जुनं यंत्र, अजून जपून ठेवलेलं असतं. त्यात नंबरिंग बॉक्स लावतात, प्रत्येक दाबाला चाक एका दात्याने फिरतं. शीटवर चार जागी चार बॉक्स लावायचे आणि १, ५०१, १००१, १५०१वर सुरू करायचे, म्हणजे वरचाच हिशेब. छापलेल्या शीट एकावर एक तोंड वर करून पडतात, त्यामुळे शेवटचा आकडा वर येतो. म्हणून उलट मोजणारे बॉक्सही मिळतात: ५००वर सुरू करायचं आणि १ शेवटी छापायचं, गठ्ठा सरळ मिळतो. कार्बनलेसचा संच असेल तर बॉक्सचा ठसा वरच्या प्रतीवर बसताच खालच्या प्रतींवरही तोच आकडा उमटतो. तीन प्रतींसाठी एकच दाब. हा फायदा लेझरला कधीच मिळणार नाही.

ट्रेडल नसेल तर ऑफसेटच्या छापील शीटवर फक्त आकडे लेझरने घालता येतात. फाइलमध्ये फॉर्म खालच्या थरावर ठेवा, त्या थराचं प्रिंटिंग बंद करा आणि आकड्यांचा थरच छापा. शाई पूर्ण वाळल्याशिवाय शीट लेझरमध्ये घालू नका. किमान एक रात्र तरी जाऊ द्या, पावसाळ्यात जास्त. लेझर कागद ओढताना एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच, म्हणून आकड्यासाठी घट्ट चौकट काढू नका. ‘क्र.’ लिहून पुढे मोकळी जागा सोडा. आकडा काळाच ठेवा. रंगीत डिजिटल प्रेसवर फक्त काळं छापलं तर काळ्याचा दर लागतो, आकडा लाल केला की संपूर्ण शीट रंगीत मोजली जाते.

आता ज्या पेज नंबरमुळे तुमची अडचण सुरू झाली, त्याचा एक चांगला उपयोग सांगतो. पावतीत घालण्याऐवजी तो शीटच्या अशा कडेला घाला जी कापात जाणार आहे. ‘शीट’ लिहून पुढे पेज नंबरची खूण. ५०० शीट छापताना प्रिंटरमध्ये कागद अडकतो, दोन शीट एकदम ओढल्या जातात, एखादी काळी पडते. कडेला शीटचा आकडा असला की छपाई संपल्यावर गठ्ठ्याची कड उलगडत जाऊन कोणती शीट नाही ते दोन मिनिटांत कळतं. २१७ गेली असेल तर पान २१७ पुन्हा छापा आणि त्याच जागी घाला. कापल्यावर मात्र हे शोधायला चार गठ्ठे चाळावे लागतात. कोरलमध्ये पेज नंबर लेआउट मेनूतून घालता येतो, इनडिझाइनमध्ये मास्टर पेजवर, नव्या आवृत्तीत त्याला पॅरेंट पेज म्हणतात. कडेला पाच-सहा मिलिमीटर जागा ठेवून पावत्या मांडल्यात तर तो आरामात बसतो.

कापायच्या आधी गठ्ठा सरळ बघा: वरची शीट १, ५०१, १००१, १५०१ आणि खालची ५००, १०००, १५००, २०००. बहुतेक लेझर प्रिंटर कागद तोंड खाली करून बाहेर टाकतात, त्यामुळे गठ्ठा उचलून उलटला की १ वर येतो. तुमचा प्रिंटर तोंड वर करून टाकत असेल तर उलट क्रमाने छापायची खूण करा. पहिला काप झाला की अर्धे गठ्ठे वेगळे ठेवू नका, चारही गठ्ठ्यांच्या वरच्या पावतीवर पेन्सिलीने १, २, ३, ४ लिहा. काप पडताना गठ्ठे फिरवले जातात, आणि तिसरा दुसऱ्याच्या जागी जाऊन बसला तर पुस्तकं सलग दिसतील, पण ११वं पुस्तक ५०१च्या ऐवजी १००१ने सुरू होईल.

पुस्तक पिन झाल्यावर मुखपृष्ठावर ‘पुस्तक क्र.’ आणि ‘पावती क्र. पासून पर्यंत’ अशी जागा ठेवा आणि ती प्रेसमध्येच भरून द्या. हे ४० आकडेही डेटा मर्जने छापता येतात: एक्सेलमध्ये तीन रकाने, पहिल्यात १, २, दुसऱ्यात १, ५१, तिसऱ्यात ५०, १००, आणि दोन ओळी धरून खाली ओढा. मंडळाला पुस्तकं वाटताना वहीत नोंद करायला हे फार उपयोगी पडतं. खराब झालेल्या पावत्या फेकून देऊ नका. त्या रद्द लिहून पार्टीला पुस्तकांबरोबर द्या, म्हणजे कोणत्या क्रमांकाची पावती बाहेर फिरतेय याची शंका राहणार नाही.

आणि यादीची एक्सेल फाइल पार्टीच्या नावाने जपून ठेवा, शेवटचा आकडा फाइलच्या नावातच लिहून. पुढच्या वर्षी ते आणखी १००० मागायला येतील तेव्हा सुरुवात २००१ची, शीट २५०, आणि पहिल्या ओळीत २००१, २२५१, २५०१, २७५१.